युटामध्ये शेजाऱ्यांच्या चर्चला जाताना काय घालावं: नव्याने आलेल्या मराठी मैत्रिणींसाठी

लीहाय, ड्रेपर, साउथ जॉर्डन या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहायला आलं की काही महिन्यांत शेजारून त्यांच्या चर्चचं, म्हणजे ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चं (लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात), आमंत्रण येतंच. कुणाच्या तान्ह्या बाळाला आशीर्वाद द्यायचा असतो, कुणाच्या आठ वर्षांच्या मुलाचा बाप्तिस्मा असतो, कुणाची मुलगी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, निघालेली असते आणि जाण्याआधी एका रविवारी ती चर्चमध्ये चार शब्द बोलणार असते. बोलावणं मनापासूनचं असतं, आपल्यालाही जायचं असतं. मग शनिवारी रात्री कपाट उघडल्यावर प्रश्न सुरू होतात. पँट चालेल का? साडी जास्त होईल का? बिनबाह्यांचा ड्रेस घातला तर कुणाला खटकेल का?

ओळखीच्या मराठी घरांत विचारलं तर एक जण सांगते, ‘स्कर्टच लागतो, पँट अजिबात नाही.’ दुसरी म्हणते, ‘काहीही घाल, कोण बघतंय!’ इथे इतकी वर्षं राहून, शेजारणींबरोबर अनेकदा जाऊन मला जे कळलं ते या दोन्हींच्या मध्ये आहे. पँटला बंदी करणारा नियम नाही. पण सवय आहे, आणि ती सवय सध्या बदलते आहे. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

१. कार्यक्रम कुठे आहे ते आधी बघा

या चर्चची दोन प्रकारची ठिकाणं असतात आणि आपल्या लोकांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. रविवारची उपासना गल्लीतल्या साध्या विटांच्या इमारतीत होते. तिला चॅपल किंवा मीटिंगहाउस म्हणतात, आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. उंच मनोऱ्याचं, रात्री उजळलेलं दिसतं ते मंदिर. ते रविवारी बंद असतं आणि उद्घाटनानंतर आत फक्त पात्र सदस्यांना प्रवेश असतो. मंदिरातले पोशाखाचे नियम वेगळे आणि काटेकोर आहेत. ‘तिथे पांढरेच कपडे लागतात’ असं कुणी सांगितलं असेल तर ते मंदिराबद्दल आहे, चॅपलबद्दल नाही.

आपल्याला बोलावतात ते बहुतेक वेळा सॅक्रमेंट मीटिंगला, म्हणजे रविवारच्या मुख्य सभेला, जिथे प्रसादासारखे पाव आणि पाणी वाटतात. ती साधारण तासभराची असते. त्यानंतरचा दुसरा तास वर्गांचा, त्याला थांबायलाच हवं असं नाही. २०१८ च्या अखेरीपर्यंत हा सगळा प्रकार तीन तासांचा होता, तेव्हा जुन्या लोकांनी घाबरवलं असेल तर घाबरू नका. बाप्तिस्मा बहुधा शनिवारी असतो. त्यात पाण्यात उतरणाऱ्यांनाच पांढरे कपडे असतात, पाहुण्यांनी रविवारसारखेच कपडे घालायचे.

दोन गोष्टी तपासून घ्या. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड, म्हणजे त्या-त्या वस्तीतल्या सदस्यांचे गट, वेगवेगळ्या वेळी भरतात आणि नव्या वर्षात त्या वेळा अनेकदा बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. आणि एप्रिल व ऑक्टोबरमध्ये जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या चर्चची मिळून मोठी सभा, असते, त्या रविवारी स्थानिक सभा होत नाही. नटूनथटून गेलात तर पार्किंग रिकामं दिसेल.

२. लेखी काय आहे आणि ते कसं बदललं

पाहुण्या बाईने अमुकच घालावं असा लेखी नियम नाही. सदस्यांनाही एवढंच सांगितलं जातं की आदर म्हणून आपल्याकडचे चांगले कपडे घालून या. इथे त्याला ‘संडे बेस्ट’ म्हणतात. कपडा शालीन असावा ही अपेक्षा असतेच, पण पाय दोन नळ्यांत असावेत की एका घेरात, हे कुठे लिहिलेलं नाही.

आणि ही काही कालची गोष्ट नव्हे. १९७१ मध्येच चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने स्थानिक पुढाऱ्यांना कळवलं होतं की बायकांच्या ड्रेसची लांबी किती असावी किंवा त्यांनी पँटसूट घालावा की नाही, हे ठरवण्याचा चर्चने प्रयत्न केलेला नाही. त्याच सुमाराला प्रोव्होतल्या, चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मुलींना स्लॅक्स, म्हणजे ऑफिसला घालतात तशी पँट, घालायची परवानगी मिळाली. जीन्सला मात्र १९८१ उजाडावं लागलं. तरी रविवारच्या बाकांवर स्कर्ट आणि ड्रेसच राहिले. कागदावरचा नियम बदलला तरी आई, आजी आणि शेजारणी जे घालतात तेच मुली घालत राहतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग १६ डिसेंबर २०१२ आला. काही सदस्य बायकांनी ठरवून त्या रविवारी पँट घालून चर्चला जायचं आवाहन केलं. त्यांना पाठिंबा म्हणून काही पुरुषांनी जांभळे टाय लावले. वरवर बघता किती छोटी गोष्ट! पण त्यावरून इतका वाद पेटला की आयोजक बायकांना धमक्या आल्या. त्या वेळी चर्चच्या प्रवक्त्याने सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे: आदर म्हणून सदस्यांनी आपले उत्तम कपडे घालावेत असं आम्ही सुचवतो, त्यापलीकडे सल्ला देत नाही. म्हणजे त्या बायकांनी कुठलाच नियम मोडला नव्हता. त्यांनी रूढी मोडली होती, आणि त्यासाठी त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते मला आजही अन्यायाचं वाटतं. आज तुमची-माझी पँट कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, त्यामागे त्यांचं धाडस आहे.

त्यानंतर बदल भराभर आले. जून २०१७ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या चर्चच्या मुख्यालयात काम करणाऱ्या बायकांना पँटसूट आणि स्लॅक्सची मुभा मिळाली. डिसेंबर २०१८ मध्ये सिस्टर मिशनऱ्यांना, म्हणजे नावाची काळी पाटी लावून जोडीने फिरणाऱ्या तरुण मुलींना, कामाच्या वेळी स्लॅक्स घालायला परवानगी दिली. मात्र मंदिर, रविवारची उपासना, बाप्तिस्मा आणि त्यांच्या परिषदा तेव्हा त्यातून वगळल्या होत्या. हा अपवाद फक्त मिशनऱ्यांसाठी होता, पण ‘रविवारी स्कर्टच’ असं आजही ऐकू येतं त्याला याही अपवादाचा हातभार आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तरुणांसाठीची मार्गदर्शक पुस्तिका नव्याने आली. २०११ च्या आवृत्तीत मुलींनी काय टाळावं याची यादीच होती: आखूड स्कर्ट, आखूड शॉर्ट्स, पोट दिसणारे टॉप, खांदे न झाकणारे कपडे. नव्या आवृत्तीतून ती यादी गेली. तत्त्व ठेवलं आणि निवड मुलामुलींवर सोपवली.

३. बाकावरच्या पिढ्या ओळखा

वरच्या सनावळीचा उपयोग इथे होतो. सभेत शिरलात की एकाच बाकावर पंचाहत्तरीच्या आजी, चाळिशीतली आई आणि नुकतीच मिशनवरून परतलेली मुलगी बसलेली दिसेल. आजी ज्या काळात वाढल्या तेव्हा पँट म्हणजे बागकामाचा कपडा होता. आईने खांदे झाकायची यादी पाठ केलेली आहे. मुलगी पँट घालून दारोदार फिरून आलेली आहे. तिघी एकाच चर्चच्या, तिघी श्रद्धाळू, आणि ‘चालेल का’ या प्रश्नाला तिघींची उत्तरं वेगळी. म्हणून एकीला विचारून मिळालेलं उत्तर सगळ्या चर्चचं समजू नका.

जागेनेही फरक पडतो. माझ्या अनुभवात सॉल्ट लेक सिटीच्या मधल्या भागातल्या वॉर्डांत पँट सर्रास दिसते. प्रोव्होकडच्या जुन्या वस्त्यांत अजून कमी दिसते, पण दिसते.

४. कपाटातून काय काढायचं

पँट घालणार असाल तर ऑफिसला चालेल अशी, इस्त्रीची घाला, वर नीट ब्लाउज किंवा कुर्ता. जीन्स, लेगिंग्जवर आखूड टॉप आणि व्यायामाचे कपडे नकोत. कुणी हाकलणार नाही, पण सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले असताना आपण बाजाराला निघाल्यासारखे दिसतो आणि तासभर आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

सलवार-कमीज किंवा चुडीदार हा माझ्या मते सगळ्यांत सोयीचा पर्याय. अंगभर असतो, बसायला-उठायला सोपा, मुलाला मांडीवर घेता येतं. आणि गंमत बघा, ज्या बाकावर पँटबद्दल कुजबूज होऊ शकते तिथे सलवारीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. भारतात या चर्चच्या सदस्य बायका रविवारी साडी आणि सलवार-कमीज घालूनच उपासनेला जातात. हैदराबाद, बंगळूरु, दिल्ली इथे चर्चच्या मोठ्या शाखा आहेत आणि बंगळूरुच्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये झाली. तेव्हा आपला पोशाख या चर्चला परका नाही.

साडी नेसायची असेल तर अवश्य नेसा. बाळाचा आशीर्वाद किंवा मिशनला निघालेल्या मुलीचा रविवार या घरच्यांच्या दृष्टीने मोठ्या गोष्टी आहेत. आपण चांगली साडी नेसून आलो की ‘तुमचा दिवस आम्हाला महत्त्वाचा वाटतो’ हे न बोलता पोचतं. फक्त पैठणी लग्नासाठी ठेवा. सुती, लिनन किंवा हलकी सिल्क पुरे. ब्लाउजला थोडी बाही असू द्या, पाठ फार खोल नको. पदर खांद्यावर पिन करा: पावाच्या तुकड्यांची आणि पाण्याच्या इवल्या पेल्यांची तबकं बाकावरून हातोहात पुढे सरकतात आणि सुटा पदर नेमका त्यात जातो. डिसेंबर ते मार्च पार्किंगमध्ये बर्फ आणि तो वितळवायला टाकलेलं मीठ असतं. त्या पाण्याचे पांढरे डाग साडीच्या काठावर पडतात, म्हणून गाडीतून उतरताना निऱ्या उचलून धरा किंवा त्या महिन्यांत सलवारच बरी.

ड्रेस किंवा स्कर्ट असेल तर बसल्यावर गुडघा झाकला जाईल एवढा. उभं राहून आरशात बघू नका, खुर्चीत बसून बघा. बिनबाह्यांचा असेल तर वरून कार्डिगन घ्या.

बाही आणि गुडघा यांचाच एवढा आग्रह का, असं मनात येईल. मंदिरात वचनं घेतलेले सदस्य कपड्यांच्या आत एक पवित्र वस्त्र घालतात. ते झाकलं जावं म्हणून बाह्या आणि लांबी यांची सवय पडली आणि ती हळूहळू सगळ्यांचीच वेशभूषा झाली. तेही बदलतं आहे. २०२४ मध्ये चर्चने उष्ण, दमट प्रदेशांतल्या सदस्यांसाठी बाही नसलेला नवा प्रकार जाहीर केला, पुढे अमेरिकेतल्या सदस्यांनाही तो द्यायचं ठरलं. त्यामुळे सदस्य बायकांचे उघडे खांदे येत्या काळात जास्त दिसतील. पण या वस्त्राबद्दल शेजारणीला विचारू नका, त्यावर विनोद तर कधीच करू नका. तो त्यांच्या श्रद्धेचा अगदी आतला कोपरा आहे. तिने आपणहून सांगितलं तर ऐका.

कुंकू, टिकली, मंगळसूत्र, बांगड्या सगळं घाला. खणखणणाऱ्या बांगड्या आणि पैंजण तेवढे घरी ठेवा, कारण तबकं फिरत असताना सभागृहात पूर्ण शांतता असते. अत्यंत तीव्र अत्तरही नको, बाकं जवळजवळ असतात.

अंत्यविधीला बोलावलं असेल तर गडद किंवा सौम्य रंग घाला. आपल्या रीतीप्रमाणे पांढरं घातलं तरी चालतं, कुणी गैर मानत नाही.

नवऱ्याचं काम सोपं आहे: साधी पँट आणि शर्ट. टाय असेल तर उत्तम. पांढरा शर्ट पाहुण्याला लागत नाही.

५. सोबत काय घ्यायचं

ओळखपत्र, नावनोंदणी, तिकीट, देणगी, काही लागत नाही. दानपेटी फिरवत नाहीत. पर्समध्ये एवढं असू द्या:

- शाल किंवा कार्डिगन, उन्हाळ्यातही, कारण एसी जोरात असतो
- दोन-तीन जास्तीच्या पिना
- लहान मूल असेल तर आवाज न करणारी खेळणी, चित्रांचं पुस्तक आणि कोरडा खाऊ
- हिवाळ्यात पिशवीत चपला किंवा बूट, म्हणजे बर्फाचे बूट दाराशी बदलता येतात
- इमारतीचा पत्ता आणि वॉर्डचं नाव, फोनमध्ये लिहून

तान्हं बाळ असेल तर बहुतेक इमारतींत आयांसाठी वेगळी खोली असते. दाराशी कुणालाही विचारा. साडीपेक्षा पुढून उघडणारा कुर्ता त्या दिवशी जास्त सोयीचा पडतो.

६. आत गेल्यावर

चपला काढायच्या नाहीत, डोकं झाकायचं नाही. गुडघे टेकावे लागत नाहीत. दहा मिनिटं आधी पोचा आणि शेजाऱ्यांच्या बाकावर बसा, पहिल्या रांगा सहसा कुटुंबासाठी सोडलेल्या असतात. तबक आलं आणि घ्यायचं नसेल तर नुसतं पुढे द्या, कुणी मनाला लावून घेत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सदस्य उपास करतात. त्या दिवशी ‘नाश्ता काय केला’ असं विचारू नका आणि मुलांचा खाऊ जरा आडोशाने द्या. बाळांचे आशीर्वाद बहुधा याच रविवारी असतात.

२०१८ पासून चर्चने ‘मॉर्मन’ हे नाव न वापरण्याची विनंती केली आहे. बोलताना ‘तुमचं चर्च’ म्हणा, तेवढं पुरतं.

साडीवरून गप्पा सुरू झाल्या तर एक गोष्ट जरूर सांगा. या चर्चचे ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले होते आणि तिथून पुण्यालाही गेले होते. इथल्या लोकांना पूर्वजांच्या वंशावळींचं फार वेड असतं, त्यामुळे हे ऐकून त्यांचे डोळे चमकतात.

७. कुणी काही बोललंच तर

शक्यता कमी आहे. पाहुण्यांशी लोक अतिशय आपुलकीने वागतात. तरी एखाद्या आजींनी ‘आमच्याकडे बायका स्कर्ट घालतात’ असं म्हटलंच तर हसून म्हणा, ‘मी शेजाऱ्यांकडून आले आहे, हे माझे ठेवणीतले कपडे.’ वाद घालू नका, १९७१ आणि २०१२ त्यांना ऐकवू नका. ती लढाई त्या चर्चमधल्या बायकांची आहे आणि त्या ती आपल्या पद्धतीने लढताहेत.

याचीच दुसरी बाजू: स्कर्ट घालून आलेल्या शेजारणीला ‘आता तर परवानगी आहे, मग तू पँट का नाही घालत?’ असं विचारू नका. तिला स्कर्ट आवडत असेल. किंवा तिला पँट घालायची असेल आणि सासूसमोर ते जमत नसेल. आपल्यालाही असल्या प्रश्नांचा त्रास माहीत आहे.

८. मुलगी मैत्रिणींबरोबर जाणार असेल तर

इथे पाहुणेपणाची सूट थोडी कमी होते. तरुणांच्या नाच-गाण्याच्या कार्यक्रमांना आणि मुलींच्या शिबिरांना स्थानिक पुढारी कपड्यांच्या सूचना देतात, आणि नवी पुस्तिका आली तरी काही ठिकाणी जुनी यादी अजून मनात आहे. मैत्रिणीच्या आईला आधीच एक निरोप टाका: ‘माझी मुलगी येते आहे, मुली साधारण काय घालून येतात, फोटो पाठवाल का?’ शब्दांत विचारलं की ‘शालीन काहीही’ एवढंच उत्तर येतं. फोटोत बाही आणि लांबी दिसते.

मुलीला कारण सांगून पाठवा. ‘ते लोक जुनाट आहेत’ असंही नको आणि ‘तुझ्या खांद्यांत काही वाईट आहे’ असंही नको. त्यांच्या घरी जाताना त्यांच्या रीतीने जातो, एवढं तिला पटतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दाराशी कुणी शाल पांघरायला दिली तर ते तिच्या मनात फार काळ राहतं. एका निरोपाने ते टळतं.

९. मंदिर बघायचं असेल तर

नव्या किंवा दुरुस्त केलेल्या मंदिराच्या समर्पणाआधी काही आठवडे ते सगळ्यांना खुलं असतं. सॉल्ट लेक सिटीचं जुनं मंदिर डिसेंबर २०१९ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ असं खुलं ठेवायचं जाहीर झालं आहे. त्याला पांढरे कपडे लागत नाहीत. चॅपलला जसे जाता तसेच कपडे घाला, सलवार-कमीज असेल तर सर्वांत बरं. गालिचे जपायला बुटांवर घालायची आवरणं अशा वेळी सहसा देतात. ती उंच टाचांवर नीट बसत नाहीत आणि आत जिने भरपूर असतात, म्हणून सपाट चपला किंवा बूट घाला. आजी-आजोबा त्या सुमारास भारतातून येणार असतील तर त्यांचीही वेळ बघून आरक्षण सुरू झालं की लगेच नोंद करा.